संरक्षित नदीत कयाक उतरवताना: पाणी, काठ आणि तारीख

जानेवारीतली सकाळ होती. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या चॅटूगा नदीकडे निघालो होतो. फोनला जिथे शेवटचं नेटवर्क मिळतं तिथे रस्त्याकडेला गाडी लावली. टपावर चार कयाक, अंगात ड्रायसूट, आत हीटर चालू. बरेल्स फोर्ड इथलं, नदीचं पाणी मोजणारं गेज ३३८ सीएफएस, म्हणजे सेकंदाला ३३८ घनफूट पाणी, दाखवत होतं आणि वरच्या टप्प्यात बोट घालायला किमान ३५० लागतात. मागच्या सीटवरून आवाज आला, "अरे, बारा सीएफएसनं काय बिघडतंय? तिथे कोण मोजायला बसलंय?"

पाण्याच्या दृष्टीनं खरंच काही बिघडलं नसतं. बारा सीएफएस कमी आहेत हे नदीकडे बघून कोणालाही सांगता आलं नसतं. नियमाच्या दृष्टीनं मात्र ती नदी त्या क्षणी आमच्यासाठी बंद होती. पंधरा मिनिटं थांबलो, आकडा ३३६ झाला.

अमेरिकेत एखादी नदी "वाइल्ड अँड सीनिक" म्हणून संरक्षित आहे असं कळलं की नव्या कयाकरला वाटतं, सरकारी नदी म्हणजे सगळ्यांची नदी, बोट उचलायची आणि घालायची. तसं नसतं. पाणी, काठ आणि तारीख या तिन्हींच्या परवानग्या वेगवेगळ्या, आणि बहुतेक वेळा त्या देणारेही वेगळे. पैकी एक हातात आली म्हणून दुसरी आपोआप येत नाही. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं लिहिल्या आहेत, कारण उलट्या क्रमानं गेलं की सुट्ट्या वाया जातात. मी घालवल्या आहेत.

पायरी पहिली: नदी नव्हे, टप्पा शोधा

वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २ ऑक्टोबर १९६८ रोजी सही केली. पहिल्या यादीत आठ नद्या होत्या. आयडाहोतल्या सॅमन नदीचा मिडल फोर्क आणि ओरेगॉनमधली रोग या त्यातल्याच. चॅटूगा १९७४ मध्ये आली. आज यादीत दोनशेहून जास्त नद्या आहेत आणि त्यांची संरक्षित लांबी तेरा हजार मैलांच्या वर जाते.

पण संरक्षण नदीला सरसकट मिळत नाही, टप्प्याटप्प्याने मिळतं. प्रत्येक टप्प्याला वाइल्ड, सीनिक किंवा रिक्रिएशनल यांपैकी एक नाव असतं आणि या नावांनी भल्याभल्यांना फसवलंय. "वाइल्ड" म्हणजे पाणी खवळलेलं आणि "रिक्रिएशनल" म्हणजे पोराबाळांना घेऊन जाण्याजोगं, असा अर्थ मुळीच नाही. ही नावं काठावरच्या रस्त्याबद्दल बोलतात, रॅपिडबद्दल, म्हणजे खडकांतून उसळत जाणाऱ्या पाण्याबद्दल, नाही. धरण नाही, पायवाटेखेरीज पोहोचता येत नाही, काठ जवळपास मूळ स्थितीत आहे, असा टप्पा वाइल्ड. काही ठिकाणी रस्ता येऊन टेकतो तो सीनिक. रस्ता किंवा रेल्वे सहज जवळ असलेला तो रिक्रिएशनल. आयडाहोतली लॉक्सा नदी शेजारून हायवे १२ जातो म्हणून रिक्रिएशनल ठरली, आणि वसंतात बर्फ वितळल्यावर तिचे क्लास फोर, म्हणजे अवघड दर्जाचे, रॅपिड पट्टीच्या कयाकरलाही पाण्याखालचं जग दाखवून आणतात.

"वाइल्ड"चा आपल्यापुरता अर्थ एवढाच की बोट खांद्यावरून न्यावी लागेल, आणि काही झालं तर मदत पायीच येईल.

टप्पा ठरला की त्याचा कारभार कोणाकडे आहे ते पाहा. फॉरेस्ट सर्व्हिस, नॅशनल पार्क सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस अशा चार केंद्रीय संस्था आहेत. काही नद्या राज्यांकडेही आहेत. चॅटूगा तीन राज्यांतल्या तीन राष्ट्रीय वनांतून वाहते, नॅंटाहाला, चॅटाहूची आणि समटर. त्यामुळे "फॉरेस्ट सर्व्हिसला फोन केला होता" एवढ्यानं भागत नाही. कोणत्या वनाच्या कोणत्या रेंजर डिस्ट्रिक्टला, म्हणजे स्थानिक कार्यालयाला, केला, ते महत्त्वाचं.

मग त्या नदीचा व्यवस्थापन आराखडा उघडा. कायद्यानं तो करावाच लागतो आणि नदीला किती माणसं झेपतील याचा विचार त्यात असावाच लागतो. शंभर-दोनशे पानांचा असतो, भाषा कोरडी असते. सगळा वाचायची गरज नाही. दोन गोष्टी शोधा. नदीची "असाधारण मूल्यं" कोणती धरली आहेत, म्हणजे मासे, निसर्गदृश्य, इतिहास, भूगर्भरचना की मनोरंजन. आणि बोटिंगवर कोणत्या टप्प्यात, कोणत्या महिन्यांत काय मर्यादा आहे. मनोरंजन त्या यादीत असेल तर पुढे कधी भांडायची वेळ आली की पायाखाली जमीन असते.

पायरी दुसरी: काठ कोणाचा ते नकाशावर पाहा

संरक्षित पट्टा अलास्का सोडला तर सरासरी दर मैलाला ३२० एकरांपर्यंत, म्हणजे ढोबळमानानं नदीच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव मैल असतो. या पट्ट्यात खासगी जमीनही असते. नदी संरक्षित झाली म्हणून ती जमीन सार्वजनिक होत नाही आणि आपल्याला तिच्यावरून चालायचा हक्कही मिळत नाही. नकाशावर हिरवा पट्टा दिसला की लोक सुखावतात, पण जमिनीच्या मालकीचा थर वेगळा चालू करून बघावा लागतो.

त्यातही प्रवाह, तळ आणि काठ हे तीन वेगळे विषय आहेत आणि तिथे राज्याचा कायदा लागतो. मोंटानात १९८५ च्या कायद्यानं नेहमीच्या भरतीच्या खुणेपर्यंत, म्हणजे दरवर्षी पाणी जिथवर चढून वनस्पती धुऊन नेतं त्या रेषेपर्यंत, लोकांना नदी वापरता येते. तळ खासगी असला तरी चालतो. मात्र त्या रेषेपर्यंत पोहोचायला कुणाच्या शेतातून जाता येत नाही. कोलोरॅडोत चित्र उलटं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७९ मध्ये, खासगी तळ असलेल्या पाण्यातून तराफ्यानं गेलेल्यांवरचा अतिक्रमणाचा ठपका कायम ठेवला. तेच पाणी, तीच बोट. राज्याची रेषा ओलांडली की हक्क बदलला.

म्हणून नकाशावर पाच ठिकाणी खूण करायची सवय लावून घ्या: गाडी कुठे लावणार, पाण्यापर्यंतची वाट, प्रत्येक मोठ्या रॅपिडला उतरून पाहायची जागा, बोट उचलून वळसा घालायची जागा, आणि बाहेर पडायची जागा. पहिल्या दोन आणि शेवटची सगळेच बघतात. मधल्या दोन राहून जातात. रॅपिडच्या तोंडाशी आल्यावर डाव्या काठावर "प्रवेश निषिद्ध"ची पाटी आणि उजवीकडे उभा कडा, अशा वेळी जे ठरवलं जातं ते घाईतच ठरतं. जीव धोक्यात असेल तर काठावर चढाच, त्याबद्दल दुमत नाही. पण ती वेळ घरी नकाशावर टाळता येते.

जमीनमालकाशी बोलायची वेळ आली तर आधी इंजिन बंद करा, गाडीतून उतरा, सनग्लासेस काढा. "तुमच्या कुंपणाजवळून जाता येईल का" असं विचारल्यावर "नाही" आलं तर आभार मानून निघायचं. कायदा काय म्हणतो ते त्याच्या दारात उभं राहून समजावू नका. पुढच्या दहा कयाकरचं दार तुमच्या तोंडून बंद होतं.

पायरी तिसरी: तारीख मिळवा

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. परवान्यांच्या ढोबळमानानं तीन तऱ्हा आहेत.

सर्वांत सोपी, स्वतःच नोंद करायची. चॅटूगाच्या खालच्या टप्प्यांवर हीच आहे. पायवाटेच्या तोंडाशी लाकडी पेटी असते, तिच्यात फॉर्म. नावं, किती माणसं, कुठून कुठपर्यंत, एवढं लिहून फॉर्म पेटीत टाकायचा. स्वतःची पेन्सिल न्या, पेटीतली नेहमी मोडकी असते. फॉर्म फुकट आहे म्हणून टाळू नका. रात्री परतला नाहीत तर शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून कळतं, आणि या टप्प्यावर वर्षाला किती बोटी येतात याचा हिशेबही त्यातूनच होतो. उद्या मर्यादा घालायची चर्चा निघाली की न भरलेले फॉर्म आपल्याच विरुद्ध जातात.

दुसरी तऱ्हा, दिवसाला ठरावीक माणसं. रोग नदीचा ग्रेव्ह क्रीक ते फॉस्टर बारपर्यंतचा ३४ मैलांचा वाइल्ड टप्पा १५ मे ते १५ ऑक्टोबर या काळात दिवसाला १२० माणसांपुरता खुला असतो, आणि त्यात व्यावसायिक सहलींची माणसंही धरलेली असतात.

तिसरी, लॉटरी. मिडल फोर्क सॅमन, मेन सॅमन, सेलवे आणि हेल्स कॅन्यनमधली स्नेक या चार नद्यांसाठी एकत्र लॉटरी निघते. रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर १ डिसेंबर ते ३१ जानेवारी अर्ज करायचा, निकाल फेब्रुवारीत. एका अर्जात नदी आणि तारखेच्या चार पसंती देता येतात. सेलवेवर हंगामात दिवसाला एकच गट उतरतो, त्यामुळे तिथे नंबर लागणं म्हणजे नशीबच. मिडल फोर्कवर दिवसाला सात गट उतरतात, पण मागणीही तशीच प्रचंड.

अर्ज भरताना माझा सल्ला असा. जूनअखेर ते जुलै मध्य या तारखा सगळेच मागतात, कारण तेव्हा पाणी आणि हवा दोन्ही छान. ऑगस्टचा शेवट मागा. मिडल फोर्कवर तेव्हा वरच्या बाउंड्री क्रीकजवळ दगड उघडे पडतात आणि बरेच गट सामान विमानानं इंडियन क्रीकच्या धावपट्टीवर उतरवून तिथून सुरुवात करतात. राफ्टवाल्यांची ही डोकेदुखी. कयाकला उथळ पाणी तेवढं जाचत नाही. गटातल्या प्रत्येकानं आपापला अर्ज भरा, आणि एकच तारीख चौघांनी मागण्याऐवजी चार वेगळ्या तारखा मागा. चारही जणांना तेवढी रजा मिळणार असेल तरच, अर्थात.

नंबर लागला नाही तर अजून दोन वाटा आहेत. जिंकणाऱ्यांना मार्चच्या मध्यापर्यंत तारीख पक्की करावी लागते. न केलेल्या आणि पुढे रद्द झालेल्या तारखा परत संकेतस्थळावर येतात. मे-जूनमध्ये रोज सकाळी चहाबरोबर एकदा बघायची सवय लावा. दुसरी वाट लॉटरीच्या हंगामाच्या आधीची किंवा नंतरची. परवाना तेव्हाही लागतो, पण लॉटरी नसते. सप्टेंबरात थंडी असते, पाणी कमी असतं आणि कॅम्पची जागा मनासारखी मिळते.

एक गोष्ट गाठीला बांधा. परवाना माणसाच्या नावाचा असतो. तो माणूस ओळखपत्रासह प्रत्यक्ष हजर नसेल तर बाकी अकरा जण कितीही लांबून आलेले असोत, बोटी गाडीवरच राहतात. परवाना विकणं किंवा नावापुरता कुणालातरी उभं करणं, याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी चौथी: गेज वाचा

यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची गेज दर पंधरा मिनिटांनी आकडा देतात. सीएफएस म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते. एक घनफूट साधारण २८ लिटर, म्हणजे ३५० सीएफएस म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा हजार लिटर. आकड्यापेक्षा आलेखाची दिशा महत्त्वाची. चढता आलेख म्हणजे वर पाऊस झालाय, पाणी गढूळ होणार, लाकडं वाहून येणार. उतरता आलेख मला आवडतो, तेव्हा नदी काय करणार ते आधी कळतं.

चॅटूगाच्या वरच्या टप्प्यात हा आकडा केवळ सुरक्षेसाठी नाही, तोच प्रवेशाचा नियम आहे. ग्रीन क्रीकपासून लिक लॉग क्रीकपर्यंत, १ डिसेंबर ते ३० एप्रिल या काळात, बरेल्स फोर्डच्या गेजवर ३५० किंवा जास्त असेल तरच बोट घालता येते. यामागे ट्राउट मासे गळानं पकडणारे आहेत. त्यांना कमी, नितळ पाणी हवं असतं आणि आपल्याला भरलेलं. आकड्यानं दोघांचे दिवस वेगळे केले. ही तडजोड मला अजूनही एका बाजूला झुकलेली वाटते, कारण त्याच नदीवर गळ टाकायला ना आकडा लागतो ना महिना. पण तिच्यामागचा हिशेब समजतो.

पायरी पाचवी: काय न्यायचं

लाइफ जॅकेट, हेल्मेट, थ्रो बॅग, चाकू, जास्तीचं पॅडल, हे कयाकरला सांगायला नको. चॅटूगावर कोणत्या टप्प्यात काय सक्तीचं आणि गट किती जणांचा, ते नोंदणीच्या पेटीजवळच्या फलकावर लिहिलेलं असतं. ते गाडी लावल्यावर नाही, आदल्या रात्री घरी वाचा.

लॉटरीच्या नद्यांवर मात्र सामान तपासलं जातं. विस्तव पेटवायचा लोखंडी फायरपॅन, राख परत न्यायचा डबा, फावडं, भांडी घासलेलं पाणी गाळायची जाळी, आणि सर्वांत महत्त्वाचं, मलमूत्र परत नेण्यासाठी घट्ट झाकणाचं टॉयलेट. सहा दिवस, बारा माणसं. हे ओझं कयाकमध्ये मावत नाही. म्हणूनच निव्वळ कयाकचे गट लांबच्या सहलीला निदान एक राफ्ट सोबत घेतात. राफ्ट वल्हवणाऱ्याला कॅम्पवर पहिला चहा द्यायचा, हा आमच्या गटाचा अलिखित कायदा.

पायरी सहावी: त्या दिवशी

दोन गाड्या लागतात. एक खाली सोडून सगळ्यांनी दुसरीतून वर जायचं. किल्ली कोणाकडे ते मोठ्यानं बोला. खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत राहिल्याचा किस्सा प्रत्येक गटात एकदा तरी होतोच. आमच्याकडे दोनदा झालाय.

नदीत गळ टाकून उभा मासेवाला दिसला तर लांबूनच पॅडल थांबवा, कुठून जाऊ ते हातानं विचारा, आणि तो दाखवेल तिथून आवाज न करता निघून जा. त्याच्या पलीकडच्या एडीत, म्हणजे आडोशाच्या संथ पाण्यात, गप्पा मारत थांबू नका. आडवं पडलेलं झाड दिसलं तर उतरून वळसा घाला. करवत काढायच्या आधी कार्यालयाला विचारा, कारण त्याच लाकडाखाली मासे राहतात आणि संरक्षित नदीत ते तोडायची मुभा गृहीत धरता येत नाही. चॅटूगाच्या सेक्शन फोर या खालच्या टप्प्यात पहिल्यांदा जात असाल तर वाट माहीत असलेल्याच्या मागेच जा. फाइव्ह फॉल्समधल्या क्रॅक-इन-द-रॉकची डावी फट बाहेरून निरुपद्रवी दिसते, आणि तिनं माणसं घेतली आहेत.

पायरी सातवी: दारच बंद असेल तर

चॅटूगाचा हायवे २८ च्या वरचा भाग १९७६ मध्ये बोटींना बंद झाला. खालचा खुला, वरचा बंद, असं जवळपास तीन तपं चाललं. २००४ च्या आराखड्यात बंदी कायम राहिली तेव्हा अमेरिकन व्हाइटवॉटर या संघटनेनं अपील केलं. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या मुख्य कार्यालयानं तो निर्णय फिरवून नव्यानं अभ्यास करायला सांगितला. वर सांगितलेला महिन्यांचा आणि आकड्याचा नियम २०१२ मध्ये आला. खटला पुढे चालला आणि २०१४ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयानं फॉरेस्ट सर्व्हिसचा निर्णय कायम ठेवला. हायवे २८ च्या लगतचा वरचा तुकडा आजही मासेवाल्यांसाठीच आहे.

त्यातून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळ. आराखडा बदलायचा मसुदा निघाला की लोकांचं म्हणणं मागवलं जातं, त्याला मुदत असते. फॉरेस्ट सर्व्हिसच्या बहुतेक निर्णयांवर नंतर हरकत घ्यायची तर त्या मुदतीत लेखी आणि नेमकं म्हणणं मांडलेलं असावं लागतं. नाहीतर तुमचं बरोबर असूनही हरकत दाखलच होत नाही. म्हणून त्या रेंजर डिस्ट्रिक्टच्या ईमेल यादीत नाव नोंदवून ठेवा.

आणि पत्र लिहाल तेव्हा "नदी सगळ्यांची आहे" हे वाक्य गाळा. ते हजार जण लिहितात आणि हजारांना एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी अमुक तारखेला अमुक ठिकाणी उतरलो, गेज इतकं होतं, वाटेत मासेवाले इतके भेटले, पायवाट इथे खचली आहे, असं लिहा. अशा पत्राला उत्तर देताना समोरच्याला नकाशा काढावा लागतो.

तर, त्या जानेवारीत ३३६ वर आकडा अडकला. अशा दिवसासाठी जवळचा दुसरा टप्पा आधीच ठरवून ठेवावा, तो आम्ही ठेवला होता. हायवे २८ वर आलो, पेटीतला फॉर्म भरला आणि सेक्शन टू केला. सात मैल, बहुतेक सरळ पाणी, मध्ये बिग शोल्सचा एकच जरा दमदार रॅपिड. मागच्या सीटवरच्याचं तोंड दुपारपर्यंत वाकडंच होतं. अर्ल्स फोर्डला बोट काढून पाव मैल चढावर खांद्यावरून न्यायची होती तेव्हा त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं, "खालच्या गाडीची किल्ली कोणाकडे आहे?"